कपाटाची दुसरी किल्ली

नाशिकच्या इतिहासावर लिहायला बसलेला माणूस बहुधा राजांच्या नावांपासून सुरुवात करतो. या लेखाची सुरुवात मात्र एका ठेवीच्या पावतीपासून करायची आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्याच्या ओवरीत ती सुमारे एकोणीसशे वर्षे भिंतीवर कोरलेली आहे. ठेवीदार उषवदात, दिनीकाचा मुलगा आणि क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. वर्ष 42, महिना वैशाख. त्याने लेणे चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिले आणि सोबत 3,000 कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न संपणारी ठेव, ठेवली. पैसे संघाच्या हाती दिले नाहीत. गोवर्धन नगरातल्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायबंधूंच्या संघटनेकडे, 2,000 ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे 1,000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. आकडेमोड करून पाहावी: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा मिळून तेवढेच. हे सगळे निगमसभेत ऐकवले गेले आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदवले गेले, असेही लेखात सांगितले आहे. देणगी किती, कोणाकडे, कोणत्या अटीवर, खर्च कशावर आणि साक्षीला कोण, या पाचही प्रश्नांची उत्तरे तिथे मिळतात. उषवदात गेला, क्षहरातांचे राज्य गेले. व्यवहाराची नोंद मात्र राहिली.

स्थानिक इतिहासाचे काम करणाऱ्या आपल्या मंडळांना नेमके हेच जमत नाही, असे माझे म्हणणे आहे. अशा संस्थांची दुरवस्था पाहून आपण दोनच कारणे सांगतो: पैसा नाही आणि तरुण येत नाहीत. नाशिकपुरते बोलायचे तर दुसरे कारण खरे नाही. जिल्ह्यात साठांहून अधिक किल्ले आहेत आणि रविवारी त्यांतल्या कोणत्या ना कोणत्या गडावर घमेली-फावडी घेऊन चढणारी मुले-मुली असतात. शिवकार्य गडकोट संवर्धन संस्थेसारख्या गटांनी रामशेजसारख्या गडांवर वर्षानुवर्षे श्रमदान केले आहे. मोडीचे वर्ग भरतात, वारसाफेऱ्यांना गर्दी होते, जुनी नाणी जमवणारे घरोघर सापडतात. म्हणजे हात आहेत. तुटवडा आहे तो त्या हातांनी केलेले काम दहा वर्षांनंतरही सापडेल अशी सोय करणाऱ्या नेतृत्वाचा. इतिहास मंडळाच्या अध्यक्षाचे किंवा कार्यवाहाचे मोठेपण त्याने किती दफ्तरे मिळवली यावर मोजू नये. तो नसताना ती दफ्तरे दुसऱ्या कोणाला सापडतात का आणि वाचता येतात का, यावर मोजावे.

महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांचे. त्यांच्याइतकी कागदपत्रे एकट्याने क्वचितच कोणी गोळा केली असतील. गावोगाव पायी फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरून कागदांचे रुमाल उतरवून त्यांनी पत्रे मिळवली आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत ती छापली. मालेचे बावीस खंड झाले. 7 जुलै 1910 रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या पुढाकाराने. पुढे मतभेद झाले आणि राजवाडे स्वतः स्थापन केलेल्या मंडळापासून दूर गेले. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. इथे थांबून दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. संस्थापक निघून गेल्यावरही पुण्याचे मंडळ बंद पडले नाही; नियमित सभा, इतिवृत्ते, त्रैमासिक आणि संग्रहाची व्यवस्था यांच्या बळावर ते चालत राहिले. दुसरी गोष्ट धुळ्याची. राजवाड्यांच्या मृत्यूनंतर महिनाभराच्या आत, जानेवारी 1927 मध्ये, तिथल्या मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. त्यात भास्कर वामन भट यांचा पुढाकार मोठा होता. राजवाड्यांची कागदपत्रे आणि टिपणे त्यामुळे विखुरली नाहीत, पुढे ‘संशोधक’ हे नियतकालिकही निघाले. राजवाडे स्वतः संस्था चालवणारे गृहस्थ नव्हते. तो त्यांचा पिंडच नव्हता, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यांचे आयुष्यभराचे काम आज वापरता येते ते त्यांच्या प्रतिभेइतकेच भटांसारख्या माणसांमुळे. राजवाड्यांची जयंती आपण साजरी करतो. ज्यांनी त्यांच्या कागदांची वर्गवारी केली, कपाटे मिळवली, वर्गणी गोळा केली, त्यांची नावे धुळ्याबाहेर किती जणांना ठाऊक आहेत?

आता आपल्या गावोगावच्या मंडळांकडे या कसोटीने पाहावे. चित्र बहुतेक ठिकाणी एकच. एक झपाटलेला माणूस असतो, त्याच्याभोवती पाच-दहा जण. कोणत्या वाड्यात कोणते दफ्तर आहे, कोणत्या शेताच्या बांधावर वीरगळ पडला आहे, कोणत्या घराण्याशी कसे बोलावे लागते, हे सगळे त्या एकाच्या डोक्यात. कपाटाची किल्लीही त्याच्याच खिशात. भेट आलेली पोथी कोणी दिली आणि कायमची दिली की पाहायला दिली, याचा कागद नाही. वीस वर्षांनी देणाऱ्याचा नातू ती परत मागायला येतो तेव्हा मंडळाकडे उत्तर नसते. त्या माणसाला आजारपण आले किंवा तो गेला की घरचे लोक कागद रद्दीत घालण्याआधी एखादा फोन करतात. कधी तोही करत नाहीत. कायद्याची बाजूही तशीच. अशा मंडळांना दोन कायदे लागू होतात: संस्था नोंदणी अधिनियम 1860 चा आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 चा. दुसऱ्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो वेळेवर न दिल्याने जुन्याच कार्यकारिणीची नावे दप्तरी राहतात, मग बँकेत सही कोणाची चालते यावरून तंटा उभा राहतो, आणि तो मिटेपर्यंत खोलीला कुलूप. कुलपाआड वाळवीला कोणत्याही परवानगीची गरज नसते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. झपाटलेला माणूस नसेल तर मंडळ सुरूच होणार नाही. समिती नेमून कोणी राजवाडे घडवत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. पण झपाटलेला माणूस आणि पक्की व्यवस्था हे एकमेकांचे वैरी नाहीत. अमेरिकेत जेरेमी बेल्क्नॅप या धर्मोपदेशकाने 1791 मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी स्थापन केली. तोही झपाटलेलाच होता. 1798 मध्ये तो वारला, म्हणजे त्याला संस्थेसाठी सातच वर्षे मिळाली. पण त्या सात वर्षांत त्याने संग्रह छापायला सुरुवात केली होती, कारण कागद टिकवायचा तर त्याच्या प्रती वाढवाव्यात, अशी त्याची धारणा होती. सोसायटी आजही चालू आहे. आपल्याकडेही पुण्याच्या मंडळात दत्तो वामन पोतदारांनी कित्येक वर्षे चिटणिशी केली आणि त्याच मंडळात ग. ह. खरे यांच्यासारखा विद्यापीठाची पदवी नसलेला माणूस फारसी शिकून, शिलालेख, मूर्ती, नाणी अभ्यासून, ‘ऐतिहासिक फारसी साहित्या’चे खंड तयार करण्याइतका मोठा झाला. एका मोठ्या झाडाखाली दुसरे वाढत नाही असे आपण सहज म्हणून जातो. तिथे ते वाढले, कारण संग्रह सगळ्यांना उघडा होता आणि सभेत टिपण वाचायला पदवी विचारली जात नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक जाणकारांकडून येतो: हे काम मुळात हौशी लोकांचे नाही, पुरातत्त्व खाते, पुराभिलेख संचालनालय, विद्यापीठे आहेत, त्यांनी करावे. तज्ज्ञांचे मोल नाशिकला नव्याने सांगायला नको. 1950-51 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी गोदाकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केले आणि नाशिक व जोर्वे यांचा एकत्रित अहवाल 1955 मध्ये प्रसिद्ध झाला. नाशिकच्या वस्तीचा थरवार पुरावा पहिल्यांदा हाती आला तो त्या कामामुळे. पण तज्ज्ञ येतात, एक-दोन मोसम राहतात आणि जातात. उरलेली वर्षे ती जागा शेजारी राहणाऱ्यांच्या नजरेखाली असते. पाया खणताना विटा निघाल्या, पावसाळ्यात काठ ढासळून खापरे उघडी पडली, तर ते त्या दिवशी पाहणारा माणूस खात्यात नसतो, गल्लीत असतो. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीचे उदाहरण घ्या. 1906 मध्ये तिथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून 1908 मध्ये अहवाल छापला. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. पराभूत राजाची नाणी जेत्याने स्वतःच्या नावाने चालवली, हे त्या मोजणीतून सिद्ध झाले. साठ्यातली मूठ-मूठ नाणी आधीच सोनाराच्या मुशीत गेली असती, तर हे प्रमाण कोणाला काढता आले नसते. तज्ज्ञाचे काम सुरू होण्याआधी वस्तू एकत्र राहावी लागते आणि तेवढा काळ ती गावाच्याच हाती असते.

मोडीची गोष्ट तर अगदी अलीकडची. 2023 मध्ये मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासंबंधीच्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जिल्हा कचेऱ्यांना एकाएकी मोडी वाचणारी माणसे हवी झाली. जुनी जन्ममृत्यू रजिस्टरे, महसुली दप्तरे समोर होती. ती वाचणार कोण? जी माणसे पुढे आली त्यांतली कित्येक खासगी वर्गांत, मंडळांच्या खोल्यांत, शनिवार-रविवारी शिकलेली होती. मोडीचा सरकारी वापर बंद होऊन सुमारे सत्तर वर्षे झाली होती आणि या काळात तिचा पोटापाण्याला उपयोग फारसा नव्हता. तरीही ती शिकवणारे होते. या प्रकरणातल्या राजकारणाविषयी प्रत्येकाचे मत वेगळे असेल, पण शासनाला गरज पडली तेव्हा ती विद्या हौशी माणसांनी जिवंत ठेवलेली होती, ही वस्तुस्थिती आहे. हौशी हा शब्द आपण कमीपणाने वापरतो, तो सोडून द्यायला हवा.

मात्र हौशी माणसांवर जबाबदारी टाकली की काटेकोरपणाही मागावा लागतो आणि इथे नेतृत्वाचे खरे काम सुरू होते. गडावरच्या टाक्यातला गाळ काढणे पुण्याचे वाटते, फोटोही छान येतात. पण त्या गाळात खापरे, नाणी, तोफेचे गोळे, दारूच्या भांड्यांचे तुकडे असतात आणि ते कोणत्या खोलीवर सापडले हीच त्यांची ओळख असते. न नोंदवता काढलेला गाळ म्हणजे न वाचता फाडलेले पान. संरक्षित स्मारकात परवानगीवाचून दगडही हलवता येत नाही. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन 1878 च्या निखात निधी कायद्यापासून आहे. शंभर वर्षांवरील मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांवरील हस्तलिखिते 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. मोहिमेच्या प्रमुखाने चढाई सुरू होण्याआधी पंधरा मिनिटे हे सांगितले, एकाच्या हाती वही दिली आणि दुसऱ्याच्या हाती टेप, तर तेच श्रमदान अभ्यासाचे साधन होते. जुलै 2025 मध्ये साल्हेर जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या बारा दुर्गांपैकी एक म्हणून. तिथे लक्ष जाईल, निधीही जाईल. यादीबाहेरच्या हातगड, अहिवंत, कण्हेरगड अशा गडांची नोंद ठेवायला स्वयंसेवकांशिवाय फारसे कोणी नाही.

तिसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा असतो. ते म्हणतात, वह्या, फॉर्म, ठराव यांनी उत्साह मरतो. मुले गड पाहायला येतात, कारकुनी करायला नाही. मला वाटते, उलट घडते. आलेल्या माणसाला नेमके काम न मिळणे, हेच त्याच्या निघून जाण्याचे मोठे कारण असते. सभेत मागच्या रांगेत बसून तीच चार भाषणे ऐकायला कोणी तिसऱ्यांदा येत नाही. पण ‘या पेठेतल्या चाळीस वाड्यांची दारे, चौकटी, गणेशपट्ट्या तू मोजायच्या आणि दिवाळीपूर्वी यादी द्यायची’ असे सांगितले, यादीवर त्याचे नाव घातले, तर तो टिकतो. नोंदीची सवय आपल्याला परकी आहे असेही कोणी समजू नये. पंचवटीतल्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. यात्रेकरू आला की गाव, कूळ, आडनाव विचारायचे, पणजोबांची सही दाखवायची आणि खाली नवी नोंद घ्यायची. त्या वह्या टिकल्या, कारण त्या लिहिणाऱ्याच्या वारसाला त्या वाचता येत होत्या आणि त्याची उपजीविकाही त्यांवर होती. मंडळाला असा रक्ताचा वारस नसतो. म्हणून त्याला वारस निवडावा लागतो, शिकवावा लागतो आणि वेळ असताना त्याला जागा करून द्यावी लागते. इथेच गाडे अडते. पंचवीस वर्षे एकाच पदावर राहणे हा आपल्याकडे त्यागाचा पुरावा मानला जातो. त्याग खरा असेल. पण त्या काळात एकही उपकार्यवाह तयार झाला नसेल तर ते नेतृत्वाचे अपयश आहे, आणि सत्कार समारंभात ते झाकू नये.

आता सगळे स्कॅन करून ठेवले की झाले, असेही सांगितले जाते. स्कॅन अवश्य करावे. बेल्क्नॅपने छपाईविषयी जे मानले तेच संगणकीय प्रतीलाही लागू आहे. पण एकाच्या लॅपटॉपमधल्या, एकाच्याच पासवर्डआडच्या चार हजार फोटोंना नावे नसतील, तर ते त्याच जुन्या कपाटाचे नवे रूप झाले. रुमालावर निदान घराण्याचे नाव तरी असे. कोणता कागद, कोणाच्या घरातला, कधी टिपला, मूळ आता कुठे, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक प्रतीसोबत असल्या तर यंत्र उपयोगी पडते.

आणखी एक प्रश्न, आणि माझ्या लेखी तो सर्वांत महत्त्वाचा. कोणाचा इतिहास जपायचा? 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव, म्हणजेच दादासाहेब गायकवाड. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे दादासाहेबांनी जपली. पुढे ती प्रसिद्ध झाली आणि त्या लढ्याचा आतला इतिहास कळायला ती मोठा आधार झाली. चळवळीच्या धकाधकीत एका कार्यकर्त्याने पत्रव्यवहार सांभाळला, त्याचे हे फळ. अशी किती पत्रे, हजेरीपट, वर्गणीच्या पावत्या, तमासगिरांचे करारनामे, विडी कामगारांच्या संघटनांची बाडे, येवल्याच्या विणकरांच्या नक्षीच्या वह्या अजून घराघरांत असतील. वाड्यांच्या आणि वतनांच्या दप्तरांसाठी तरी मंडळे होती. इतरांच्या कागदांसाठी मंडळाच्या कार्यकारिणीत त्या घरांतली माणसे असावी लागतील. बाहेरून जाऊन कागद मागणाऱ्याच्या हाती ते का द्यावेत? सभासदांची यादी एकाच आळीतली असेल तर संग्रहही एकाच आळीचा होतो. नेतृत्वाने खुर्ची मोकळी करण्याची गरज इथे केवळ वयाची राहत नाही.

उषवदाताच्या लेखापासून काही पावलांवर, तिसऱ्या लेण्यात, गौतमीपुत्राच्या चोविसाव्या वर्षाचा हुकूम कोरलेला आहे. तो गोवर्धनचा अमात्य श्यामक याला उद्देशून असून त्यात राजासोबत राजमातेचेही नाव आहे. त्याचा आशय असा की त्रिरश्मी, म्हणजे या लेण्यांच्याच, डोंगरावरच्या भिक्षूंना पूर्वी ककडी गावात शेत दिले होते. ते शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजकीय शेतातून शंभर निवर्तने जमीन द्यावी. दिलेली देणगी फुकट गेली हे राजसत्तेने लपवले नाही. चूक लिहिली, दुरुस्ती लिहिली आणि दोन्ही दगडावर ठेवली. वार्षिक अहवालात ‘या वर्षी दोन पोथ्या हरवल्या, एका दफ्तराला वाळवी लागली’ असे लिहिणारे मंडळ मला विश्वासार्ह वाटते, कारण त्यालाच पुढच्या वर्षी दुरुस्ती करता येते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, आपले ‘सावाना’, 1840 पासून चालत आले आहे. निवडणुका, मतभेद, भांडणे त्यालाही चुकली नाहीत, तरी ग्रंथ आणि वस्तुसंग्रह एका माणसाच्या नव्हे तर संस्थेच्या नावावर राहिले.

2027 च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते, घाट, पूल यांची कामे सुरू आहेत. खोदाई जिथे होईल तिथे जुनी पायरी, चिरा, खापर निघण्याची शक्यता आहे आणि जुन्या घरांची आवराआवरही या काळातच होईल. तुम्ही कोणत्याही इतिहास मंडळाचे, वाचनालयाचे किंवा दुर्गगटाचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सभेत तीन ठराव मांडा: संग्रहाची दाखल नोंदवही पूर्ण करून तिची एक प्रत संस्थेबाहेर ठेवावी, प्रत्येक पदाला चाळिशीच्या आतला एक सहायक नेमावा आणि पदाची मुदत घटनेत लिहावी, आणि कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे त्या व्यक्तीच्या नावानिशी इतिवृत्तात नोंदवावे.